डक्ट साफ करावा की टाकी? खान्देशातल्या कूलरचा विचार

घरात थंड हवा वाहून आणणारा पत्र्याचा डक्ट आतून साफ करून घ्यावा की नाही, हा प्रश्न मूळचा अमेरिका-कॅनडातला आहे. तिथल्या पुष्कळ घरांत तळघरात किंवा माळ्यावर एकच यंत्र बसवलेले असते आणि भिंतींच्या, छताच्या पोकळीतून फिरणाऱ्या नळ्यांमधून सगळ्या खोल्यांना गरम किंवा गार हवा मिळते. जळगाव-धुळ्याच्या घरांत असे जाळे क्वचितच सापडते. तरीही प्रश्न इथे आलाच आहे, तो कूलरच्या वाटेने. मंगल कार्यालये, क्लासेस, दवाखाने, कापडाची दुकाने यांच्या गच्चीवर मोठे कूलर आणि त्यांना जोडलेले जीआय पत्र्याचे डक्ट आता नवे राहिलेले नाहीत. बंगल्यांतही एकच मोठा कूलर मागच्या भिंतीला बसवून दोन-तीन खोल्यांत जाळ्या काढण्याची पद्धत रुळली आहे. डक्ट आला की त्याच्या सफाईचा खर्च आला, आणि तो करायचा की टाळायचा हा निर्णयही आला.

या निर्णयाचे उत्तर परदेशातून जसेच्या तसे उचलता येत नाही, कारण इथला डक्ट वेगळ्या यंत्राला जोडलेला आहे. खान्देशात रोगाचे आणि अपघाताचे मूळ बहुधा हवा वाहते त्या नळीत नसते, पाणी साचते त्या टाकीत असते. त्यामुळे डक्ट बहुतेक वर्षी फक्त बघावा आणि क्वचितच साफ करावा. टाकी मात्र दर आठवड्याला घासावी. या उत्तरामागची कारणे कूलरच्या रचनेत, इथल्या हवेत आणि इथल्या पाण्यात आहेत.

आधी हवा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे, चोपडा या पट्ट्यात पारा 43-44 अंशांवर असणे नित्याचे आहे आणि काही दिवस तो 45च्या पुढेही जातो. पण ही हवा कोरडी असते. दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली घसरते, आणि नेमक्या या कोरडेपणावर कूलर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती उष्णता ओल्या ताट्यांमधून जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. बाहेर 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर 26-27 अंशांपर्यंतची हवा आत देऊ शकतो. हीच यंत्रणा जुलैत निकामी होते. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की कूलर हवा जेमतेम तीन-चार अंशांनी उतरवतो आणि खोली दमट करून सोडतो. म्हणून खान्देशात कूलर होळीच्या सुमारास बाहेर निघतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जोरात असतो आणि मृगाच्या सरी स्थिरावल्या की बंद पडतो. वर्षातले तीन-साडेतीन महिने काम आणि आठ-नऊ महिने विश्रांती, या वेळापत्रकाचा सफाईशी फार जवळचा संबंध आहे.

वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही वाळ्याच्या गार खोल्यांचा उल्लेख आहे. पुढे पत्र्याच्या पेटीत पंखा, पंप आणि ताट्या एकत्र आल्या. खान्देशात आजही असे पत्र्याचे कूलर गावोगावचे कारागीर बनवतात. वाळ्याच्या जागी लाकडाच्या बारीक ताशांचे गवत आले, आता पुठ्ठ्याचे मधमाशीच्या पोळ्यासारखे हनीकोम्ब पॅड आले. तत्त्व मात्र तेच राहिले: बाहेरची हवा ओल्या पृष्ठभागावरून ओढून आत ढकलायची.

‘बाहेरची हवा’ या दोन शब्दांत अमेरिकन डक्ट आणि खान्देशी डक्ट यांच्यातला मोठा फरक आहे. वातानुकूलनाचा डक्ट घरातलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. गालिच्याची धूळ, पाळीव प्राण्यांचे केस, स्वयंपाकाची वाफ हे सगळे त्या फेऱ्यात अडकते. कूलरचा डक्ट एकेरी असतो. बाहेरची हवा आत येते आणि खिडकी-दारातून निघून जाते. ती निघून गेली नाही तर कूलर गारवा देतच नाही, म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. डक्टमधून येणारी हवा घरातली घाण फिरवत नाही. ती रस्त्यावरची धूळ आत आणते.

परदेशातही या सफाईच्या बाजूने फारसा पुरावा जमलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरमालकांसाठी 1997मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे कधीही सिद्ध झालेले नाही, आणि डक्ट घाण असल्यामुळे घरातल्या हवेतले कण वाढतात हेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते आणि हवेबरोबर खोलीत येत नाही. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेचा निष्कर्षही तसाच आहे: डक्टच्या सफाईने घरातल्या हवेचा दर्जा सहसा बदलत नाही आणि इंधनाचा खर्चही फारसा कमी होत नाही. अमेरिकन संस्थेने सफाईसाठी तीनच ठळक कारणे मान्य केली आहेत. डक्टच्या आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असणे, उंदीर किंवा किड्यांचा वावर असणे, आणि धूळ-कचऱ्याने डक्ट इतका भरलेला असणे की जाळीतून कण प्रत्यक्ष बाहेर पडतात. ठरावीक वर्षांनी, कॅलेंडर बघून सफाई करा, असे ती सांगत नाही. सफाईचा धंदा करणारे साहजिकच तसे सांगतात.

आता हीच तीन कारणे खान्देशच्या घराला लावून बघता येतात.

धुळीचा मुद्दा आधी घ्यावा, कारण लोकांना तीच दिसते. केंद्र सरकारने 2019च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे मानक पाळू न शकलेल्या शहरांच्या त्यातल्या यादीत महाराष्ट्रातली जी शहरे आहेत त्यांत जळगाव आहे. दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांसाठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमचे आहे. जळगावात अमृत योजनेच्या पाणी आणि गटारीच्या नळांसाठी जवळजवळ सगळे रस्ते खोदले गेले आणि त्यांची माती कित्येक महिने वाहनांखाली उडत राहिली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकत्र येतात, अवजड वाहतूक थांबत नाही. भोवती काळी जमीन, उन्हाळ्यात नांगरून उघडी पडलेली, आणि दुपारनंतर सुटणारे वारे. अशा ठिकाणी डक्ट आज चकाचक केला तरी पुढच्या काही आठवड्यांत त्यावर धुळीचा थर परत बसणारच. डक्टमधली धूळ हा परिणाम आहे. त्याचे कारण कूलरच्या मागच्या बाजूला, उघड्यावर आहे.

इथे एक गोष्ट कूलरच्या बाजूने सांगितली पाहिजे. पाणी वाहत असलेल्या ताट्या जाड धूळ बऱ्यापैकी अडवतात. हवेतले मोठे कण ओल्या गवताला किंवा पॅडला चिकटतात आणि पाण्याबरोबर खाली टाकीत उतरतात. अगदी बारीक कण मात्र निसटतात, त्यांच्यावर कूलरचा इलाज नाही. टाकीच्या तळाशी जो काळा गाळ साचतो तो याच कामाचा हिशेब असतो. ताट्या जागोजागी दबून खाली बसल्या, वरच्या अंगाला भोके पडली किंवा पाण्याच्या नळीची छिद्रे बुजून अर्धी ताटी कोरडी राहिली, की धूळ त्या कोरड्या जागेतून सरळ डक्टमध्ये जाते. डक्ट घाण होतोय अशी तक्रार असेल तर पहिली तपासणी ताटीची व्हायला हवी. ज्या पैशांत डक्ट एकदा साफ होतो त्यातून ताट्या नव्या बसवून घेतल्या तर धूळ मुळातच कमी होते, गारवाही वाढतो.

दुसरे कारण उंदीर-पाखरांचे. अमेरिकन घरांत हा धोका अपवादाने येतो, खान्देशात मात्र तो दरवर्षी उभा असतो, आणि त्याचे कारण ती आठ-नऊ महिन्यांची विश्रांती. गच्चीवरचा कूलर जूनमध्ये बंद होतो, ताट्या काढल्या जातात किंवा वाळून फाटतात, आणि डक्टचे तोंड उघडे राहते. पारव्यांना घरट्यासाठी याहून सोयीची जागा नाही. गांधीलमाशा पोळी करतात, पाली अंडी घालतात, धान्याच्या कोठीजवळचा डक्ट असेल तर उंदीरही शिरतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जात राहिली तर काही माणसांच्या फुप्फुसांना दीर्घकाळची ॲलर्जीजन्य सूज येते, ही वैद्यकात नीट माहीत असलेली गोष्ट आहे. अशा डक्टमधून मार्चमध्ये पहिल्यांदा पंखा फिरवला की ती धूळ थेट झोपण्याच्या खोलीत येते. इथे सफाई टाळण्यात काहीच शहाणपण नाही. विष्ठा कोरडी असताना झाडू मारणे किंवा फुंकणी लावणे धोक्याचे असते. ती आधी पाणी शिंपडून ओली करावी, तोंडाला चांगला मास्क लावावा, घरातल्या जाळ्या ओल्या कापडाने बंद कराव्यात आणि मगच खरवडून काढावी.

तिसरे कारण बुरशीचे. वातानुकूलनाच्या डक्टपेक्षा कूलरच्या डक्टमध्ये ओलावा जास्त, त्यामुळे बुरशीची भीती जास्त असावी असे वाटते. प्रत्यक्षात उन्हाळ्याचा कोरडेपणा मदतीला येतो. कूलर बंद झाला की साधा पत्र्याचा डक्ट गरम हवेने लवकर वाळतो. अडचण दोन ठिकाणी येते. पंखा जोरात आणि ताटी पातळ असली की पाण्याचे शिंतोडे हवेबरोबर डक्टमध्ये जातात, पहिल्याच कोपऱ्यात ओल धरते आणि तिथे धुळीचा चिखल होतो. दुसरी अडचण आतून ग्लासवूल लावलेल्या डक्टची. पत्रा पुसता येतो, भिजून बुरशी धरलेले ग्लासवूल पुसून साफ होत नाही. ते काढून टाकून नवे बसवणे हाच उपाय, आणि अमेरिकन संस्थेचा सल्लाही तोच आहे. त्यावर जंतुनाशक फवारून काम भागवण्याची तयारी कोणी दाखवली तर ती नाकारावी. फवारलेले रसायन पुढे त्याच हवेतून श्वासात येते, आणि ओल कायम असेल तर बुरशी महिन्याभरात परत येते. साधी सवय जास्त उपयोगाची: कूलर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. ताटी आणि डक्ट दोन्ही वाळतात.

तपासणीसाठी बाहेरच्या माणसाची गरज बहुतेक वेळा लागत नाही. खोलीतली जाळी चार स्क्रूंवर असते. ती काढून मोबाइलचा दिवा आणि कॅमेरा आत धरला की पहिले आठ-दहा फूट स्वच्छ दिसतात. पत्र्यावर राखाडी धुळीची साय असणे हे सामान्य आहे, त्यासाठी खर्च करू नये. काळे-हिरवे ठिपके, पिसे, काड्या, लेंड्या, गंजाचे पापुद्रे दिसले तर काम निघाले. जाळीवर पांढरे फडके बांधून कूलरचा नुसता पंखा सुरू केला तर आणखी एक गोष्ट कळते. सुरुवातीच्या क्षणी धुळीचा लोट येऊन मग फडके फारसे काळवंडत नसेल, तर साठा डक्टच्या आत आहे. फडके तासभर सारखेच मळत गेले, तर धूळ बाहेरून येते आहे आणि डक्टची सफाई करून ती थांबणार नाही. कूलर दुरुस्त करणाऱ्या किंवा पत्र्याचे काम करणाऱ्या ओळखीच्या कारागिराला सांधे तपासायला लावणे हेही उपयोगी, कारण गच्चीवर निखळलेल्या सांध्यातून पंख्याने ढकललेली गार हवा बाहेरच निसटून वाया जाते.

डक्टबद्दल इतके पुरे. लोक डक्टची चिंता करतात, कारण तो दिसत नाही आणि जे दिसत नाही ते घाण असेल असे वाटते. टाकी मात्र रोज डोळ्यांसमोर असते, तिच्यात रोज पाइप सोडून पाणी भरले जाते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

मे महिन्याच्या मध्यावर कूलरची एक बाजू काढून आत पाहिले तर चार थर वेगवेगळे दिसतात. तळाशी काळ्या मातीचा मऊ गाळ, त्यात वाळ्याचे तुकडे आणि मेलेले किडे. ताटीच्या वरच्या कडेला, जिथे नळीतून पाणी ठिबकते, तिथे क्षारांचा पांढरा कडक थर. उन्हाकडच्या अंगाला शेवाळाची हिरवी झाक. आणि टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल धरून राहिलेल्या पट्ट्यात काळे बारीक ठिपके, एकेक ठिपका मिलिमीटरभरही नाही. हे ठिपके मळ नसतात. ती एडिस इजिप्ती डासाची अंडी असू शकतात, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या हाच डास पसरवतो.

एडिसला गटाराचे पाणी आवडत नाही, त्याला घरातले स्वच्छ, साठलेले पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. खान्देशातला उन्हाळा या डासाला मानवणारा नसतो. उघड्यावरचे पाणी तापते, हवा कोरडी असते, प्रौढ डास लवकर मरतो. पण कूलरची टाकी या सगळ्याला अपवाद ठरते. ताटीवरून फिरून आलेले पाणी बाहेर 43 अंश असतानाही पंचवीसच्या आसपास राहते, आणि शेजारची खोली गार, दमट, अंधारी असते. भर मेमध्ये डासाला जगण्यासाठी याहून चांगली जागा माणसाने बनवलेली नाही. दिल्लीसारख्या शहरांतल्या कीटकशास्त्रीय पाहण्यांत कूलर ही एडिसच्या पैदाशीची ठळक जागा म्हणून वारंवार नोंदली गेली आहे. उन्हाळ्यात डास थोडेच असतात, म्हणून रुग्णही थोडेच दिसतात. तेच थोडे डास पावसाळ्यातल्या साथीचे बियाणे ठरतात. शिवाय हा डास फार लांब उडत नाही, जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच राहतो. गल्लीत डेंग्यू आला तर तो बहुधा गल्लीतल्याच कुठल्या तरी भांड्यातून आलेला असतो.

आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो तो डासाच्या याच सात-दहा दिवसांच्या हिशेबाने. पण ‘पाणी बदला’ एवढा सल्ला अपुरा आहे. अंडी पाण्यात तरंगत नसतात, भिंतीला चिकटलेली असतात. टाकी नुसती ओतून रिकामी केली तर अळ्या जातात आणि अंडी राहतात. पुन्हा पाणी भरले की ती फुटतात. म्हणून टाकी रिकामी केल्यावर कडक ब्रशने किंवा काथ्याने पाण्याच्या रेषेचा पट्टा घासणे हे कामाचे खरे अंग आहे. दहा मिनिटांचे हे घासणे कोणत्याही डक्ट-सफाईपेक्षा घराच्या आरोग्याला अधिक उपयोगी पडते, असे म्हणायला पुरेसा आधार आहे.

क्षारांचा थरही याच कामात निघतो. मोठा कूलर कडक उन्हात तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज संपवतो. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. लिटरमागे 800 मिलिग्रॅम क्षार असलेले बोअरचे पाणी धरले आणि दिवसाला 200 लिटर वाफ झाली, तर एका दिवसात 160 ग्रॅम आणि आठवड्यात किलोभराहून जास्त क्षार ताटीत आणि टाकीत साठतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 मिलिग्रॅमपर्यंत आहे, म्हणजे 800चे पाणी फार वाईट मानले जात नाही. तरीही हनीकोम्ब पॅड दोन-तीन उन्हाळ्यांत दगडासारखे होतात ते यामुळे. वरून नवे पाणी घालत राहणे म्हणजे क्षार साठवत राहणे. टाकी पूर्ण रिकामी करूनच ते बाहेर जातात.

इथे सल्ला आणि परिस्थिती यांची गाठ पडते. जळगावला वाघूर धरणाचे पाणी मिळते, धुळ्याला तापी, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव आणि पांझरेवरच्या अक्कलपाड्याचे. तरी दोन्ही शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि उन्हाळ्यात धुळ्याच्या कित्येक वस्त्यांत दोन पाण्यांमधले अंतर अनेक दिवसांचे होते. ज्या घरात बाई पाण्याची वाट बघत ड्रम, बादल्या, रांजण भरून ठेवते, त्या घराला टाकीतले पन्नास-साठ लिटर पाणी ओतून द्या असे सांगणे सोपे नाही. लोक कोरडा दिवस पाळत नाहीत याचे कारण निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे आहे. पाणी साठवावे लागते म्हणून डास होतात आणि पाणी साठवावे लागते म्हणूनच ते ओतवत नाही. त्यामुळे डेंग्यूचा बंदोबस्त हा शेवटी नळाच्या नियमित पाण्याचा प्रश्न आहे, आणि महापालिकांनी धूरफवारणीइतकेच लक्ष पाण्याच्या वेळापत्रकाकडे दिले पाहिजे. धुराने उडणारे डास मरतात, टाकीतल्या अळ्यांना आणि भिंतीवरच्या अंड्यांना त्याने काही होत नाही.

तोवर घराच्या पातळीवर मार्ग निघतो. कूलर धुण्याचा दिवस नळ येण्याच्या दिवसाशी जुळवावा. टाकीतले जुने पाणी संडासात, मोरीत किंवा ओटा-अंगण धुवायला वापरावे. खारट झालेले असल्याने ते झाडांना घालू नये. टाकी रिकामी करणे शक्यच नसेल तर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून टेमेफॉस हे अळीनाशक औषध ठरलेल्या प्रमाणात टाकून घ्यावे. मोठ्या हौदासाठी गप्पी मासे ठीक, कूलरच्या टाकीत ते पंपात सापडतात. हे घासण्याचे काम बहुतेक घरांत बायकांवरच येऊन पडते, वजनदार पत्रे काढण्यापासून गाळ उपसण्यापर्यंत. घरातल्या पुरुषांनी ते वाटून घेतले तर आठवड्याचा नेम टिकण्याची शक्यता वाढते, आणि कूलर खरेदी करतानाच बाजूचे दार सहज निघणारा, तळाला बुच असलेला निवडला तर निम्मे कष्ट वाचतात.

या कामातला सगळ्यात तातडीचा धोका विजेचा आहे. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि बाहेर ओली फरशी. खान्देशात आणि विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढलाच पाहिजे. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असू शकते आणि पेटीत वीज तशीच राहते. तीन पिनांची वायर, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) या तीन गोष्टी घरात नसतील, तर सफाईसाठी बाजूला काढलेला पैसा सर्वांत आधी त्यांवर खर्च व्हावा.

शीतकरण आणि आजार यांच्या संबंधात लीजनेअर्स हा न्यूमोनियासारखा आजार नेहमी पुढे केला जातो. 1976मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर तो उद्भवला आणि पुढच्या वर्षी त्याचा जिवाणू ओळखला गेला. कोमट, साचलेल्या पाण्याचे सूक्ष्म थेंब श्वासात गेले की तो होतो. मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरना हा धोका खरा आहे. घरगुती कूलरमध्ये पाणी थंड राहते आणि मुख्यतः वाफ बाहेर पडते, थेंब कमी, त्यामुळे धोका बराच कमी असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीत तापलेले पाणी सरळ कूलरला जोडलेले असेल आणि घरात दम्याचे किंवा वयस्कर माणूस असेल, तर टाकीच्या साप्ताहिक सफाईचे आणखी एक कारण मिळते. डक्टचा याच्याशी संबंध नाही.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीला डक्ट नसतोच. तिथे जाळीदार फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुणे आणि मोसमाच्या सुरुवातीला आतली कॉइल व पाण्याचा ट्रे धुऊन घेणे एवढे पुरते. बुजलेला फिल्टर बदलल्याने किंवा साफ केल्याने विजेचा वापर 5 ते 15 टक्के कमी होऊ शकतो असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे सांगणे आहे. जळगावच्या धुळीत हा फिल्टर एका आठवड्यातही भरू शकतो, तेव्हा तो आधीच धुवावा.

काही डक्ट मात्र नियमाने साफ झालेच पाहिजेत. हॉटेलांच्या आणि महामार्गावरच्या ढाब्यांच्या भटारखान्यातली धुराडी आतून तेलाच्या थराने माखतात, आणि फोडणीच्या भडक्याने ती पेटली की आग थेट छतापर्यंत जाते. जळगावच्या डाळ मिलमध्ये, धुळे-जळगावच्या जिनिंगमध्ये हवेबरोबर धूळ आणि कापसाचे तंतू वाहून नेणारे नळ असतात. तिथे साठलेली बारीक धूळ ठिणगीने भडकते आणि कामगारांच्या फुप्फुसांत जाते. शस्त्रक्रियागृहाला हवा पुरवणाऱ्या डक्टचे आणि फिल्टरचे काम तर वेळापत्रकानेच व्हायला हवे. या ठिकाणी सफाईवर खर्च करायला मालक नाखूष असतात आणि घरगुती डक्टसाठी मात्र जाहिरात होते, हे प्राधान्य उलटे आहे.

घरच्या कूलरच्या डक्टसाठी सर्वांत फायद्याचे काम जूनमध्ये करायचे असते, मार्चमध्ये नाही. पाऊस स्थिरावला की टाकीतले पाणी काढून, भिंती घासून, ती उन्हात कोरडी होऊ द्यावी. ताट्या काढून वाळवून ठेवाव्यात किंवा टाकून द्याव्यात. नुसता पंखा तासभर चालवून डक्ट वाळवावा आणि बाहेरच्या तोंडावर बारीक तारेची जाळी व त्यावर ताडपत्री घट्ट बांधावी, म्हणजे पारवे आणि उंदीर शिरत नाहीत. अंगणात उघडा ठेवलेला कूलर पावसाच्या पाण्याने भरतो आणि डेंग्यूच्या ऐन मोसमात पुन्हा डासांचे घर होतो, म्हणून त्याचे बुच काढून, टाकी कलती करून ठेवावी. एडिसची अंडी कोरड्या पत्र्यावर कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये न घासलेली टाकी पुढच्या होळीला पहिल्यांदा भरली की काही तासांतच त्यांतून अळ्या बाहेर येऊ लागतात.